अठ्ठाविसावा दिवस

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, ती अर्धी ठाऊक आहे, आणि तिला ठाऊक असलेला अर्धा भाग माझ्या कौतुकाचा आहे. नऊ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी माझ्या वडिलांचं एकही इंजेक्शन चुकू दिलं नाही. नातेवाईक अजून म्हणतात, मुलगा असावा तर शशीसारखा. ते ऐकू आलं की मी पाणी प्यायला उठतो.

आमच्या दिल्लीतल्या पटपडगंजच्या फ्लॅटमध्ये हिवाळा आल्याचं उन्हावरून कळतं. एरवी बाल्कनीच्या कठड्यावरच थांबणारं ऊन नोव्हेंबरात आत यायला लागतं. आधी तुळशीच्या कुंडीपर्यंत, मग दाराच्या चौकटीपर्यंत, आणि डिसेंबर मध्यावर आला की थेट जिथं बाबांची वेताची खुर्ची असायची तिथपर्यंत. खुर्ची आम्ही केव्हाच देऊन टाकली. परवा सकाळी मी चहा घेऊन उभा होतो आणि ऊन त्या रिकाम्या फरशीवर येऊन थांबलं. मेधा आतून म्हणाली, "चहा गार होतोय." मी म्हटलं, "होऊ दे." तिला वाटतं, मला बाबांची आठवण येते. येतेच. पण नुसती आठवण असती तर मी चहा प्यायलो असतो.

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले होते. साताऱ्याहून वयाच्या बाविसाव्या वर्षी दिल्लीत आले ते इथलेच झाले. हिंदी बोलताना त्यांचं मराठी लपत नसे आणि मराठी बोलताना फाइल लपत नसे. घरात दुधवाल्याशी झालेल्या वादाचाही ते "विषय" करत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला आणि तो हाडांपर्यंत पोचलेला निघाला. करोल बागेतल्या एका दवाखान्यात, खाली लग्नाच्या शेरवान्यांचं दुकान आणि वर डॉक्टर, अशा जागी आम्ही बसलो होतो. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हा रोग पुरुषांच्या हार्मोनवर पोसतो, तेव्हा ते हार्मोनच बंद पाडायचं. दर अठ्ठावीस दिवसांनी एक इंजेक्शन.

"एक-दो दिन इधर-उधर चलेगा, ज़्यादा नहीं," डॉक्टर म्हणाले. "और मूड पर असर होगा, अंकल जी. गर्मी लगेगी, चिड़चिड़ करेंगे, रोना आएगा. जैसा लेडीज़ को होता है एक उमर में."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे वाक्य मीच बोललो होतो. जिना उतरताना म्हणाले, "यातलं शेवटचं घरी सांगायची आवश्यकता नाही."

मी सांगितलं. मेधा त्याच वर्षी त्या वयातून जात होती. महिनाभरात आमच्या घरात असं चित्र झालं की बाहेर धुकं, सोसायटीचे गार्ड शेकोटीला चिकटलेले, आणि आत सून-सासरे बाल्कनीचं दार उघडून उभे. ती पदरानं वारा घेतेय, ते बनियनवर.

"काय बाबा, आली का?"

"आली."

"मग पंखा लावू?"

"एकवर लाव. शशीला सर्दी होईल."

मी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून सोफ्यावर. "ह्या घरात थंडीनं एकटा मीच मरणार," मी म्हटलं, आणि बाबा हसले. मोठ्यानं हसले. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी त्यांना असं किती वेळा हसताना ऐकलं होतं ते बोटांवर सांगता आलं असतं.

इंजेक्शन आदल्या दिवशी आणून फ्रिजमध्ये ठेवायचं, अंड्यांच्या खालच्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पिशवीत घालून मेट्रोनं करोल बाग. तिथं अर्धा तास ते टेबलावर बाहेर ठेवायचं, म्हणजे अंगाला गार लागत नाही. एकदा गाडीत बाबांना गरमीची लाट आली. त्यांनी मफलर काढला, कोट काढला, स्वेटर काढायला लागले. समोरची एक पंजाबी बाई कळवळली.

"अंकल जी, पहन लो, ठंड लग जाएगी."

"नहीं बेटी," बाबा म्हणाले, "डॉक्टर ने अंदर हीटर लगा दिया है."

डबा हसला. बाबांनी खुशीत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो झंडेवालान स्टेशनपर्यंत तिथंच राहिला. उतरायच्या आधी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू फार दमतोस रे." एवढंच. मला त्या वेळी खिडकीतून बाहेर बघावं लागलं.

पण मला सांगायचंय ते वहीबद्दल.

डॉक्टर म्हणाले होते, लिहीत जा, कधी काय होतं ते. आमच्या घरात दोन पिढ्या सरकारी नोकरी. मला लिहायचं म्हटल्यावर मी रकाने आखले. इंजेक्शन दिल्यापासूनचा दिवस. गरमी किती वेळा. झोप. राग. रडणं. आणि शेवटी एक रुंद रकाना, "कारण". त्या रकान्यात मी पहिल्या दिवसापासून एकच शब्द लिहीत गेलो: इंजेक्शन. बातम्यांत कुठल्याशा जंगलातलं हत्तीचं पिल्लू खड्ड्यात पडलेलं दाखवलं तर बाबा रडले. कारण, इंजेक्शन. आई मटार सोलताना निम्मे दाणे तोंडात टाकायची हे आठवून रडले. कारण, इंजेक्शन. मग खाली "वरीलप्रमाणे" अशी खूण करायला लागलो. हे असं लिहिलं की बरं वाटायचं. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्यानं आम्ही भावंडं पुस्तक उघडून बसत असू, तो माणूस गाजराच्या हलव्याची वाटी हातात घेऊन मुळूमुळू रडतो, हे बघायला काहीतरी आडोसा लागतो. मला वहीचा आडोसा मिळाला.

पहिल्या इंजेक्शननंतर नवव्या दिवशी बाबा म्हणाले, "अंजूला बोलाव."

अंजू माझी धाकटी बहीण. तेव्हा तिच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं बाबा तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तिनं आशिष साळव्यांशी लग्न केलं. साळवे म्हणजे नगरकडचे ख्रिस्ती. आशिषचे वडील बाबांच्याच ऑफिसच्या इमारतीत दोन मजले खाली बसायचे. दोघं एकाच चार्टर्ड बसनं ऑफिसला जात, गणपतीच्या नाटकात बरोबर कामं करत. दर नाताळला साळव्यांकडून आमच्याकडे डबा येई आणि बाबा पहिली करंजी स्वतः उचलत. लग्नाचं कळल्यावर बाबा म्हणाले, हे चालणार नाही. अंजू त्यांच्यासारखीच. तिनं दारातून ऐकवलं, "त्यांच्या घरची करंजी चालते बाबा, मुलगा चालत नाही. बिल्कुल तुमच्या ऑफिससारखं." त्यानंतर दार बंद. आई गेली तेव्हा ती आली होती. चप्पल काढायच्या जागी उभी राहिली, आईला नमस्कार केला आणि निघून गेली. बाबांनी मान वर केली नाही.

ती मानेसरला राहते. आशिष तिथल्या एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, ती शाळेत शिकवते. आमच्या घरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रविवारी दुपारी कधीतरी तिचा माझ्या मोबाइलवर फोन यायचा. "दादा, बरे आहेत का?" मी "बरे आहेत" म्हणायचो. नाव ती घेत नसे, मीही नाही.

तर नवव्या दिवशी बाबा म्हणाले, अंजूला बोलाव, आणि रडायला लागले. मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, "बाबा, ते इंजेक्शनचं आहे. दोन दिवसांत निवळेल." त्यांनी पेला हातात धरून माझ्याकडे पाहिलं. वहीत लिहिलं: रडणं, वीस मिनिटं. कारण, वरीलप्रमाणे.

त्या रविवारी तिचा फोन आला. तिला आजाराचं ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "दादा, मी येऊ का? चलो, ते नाही बोलले तर नाही बोलले. बसून जाईन."

मी म्हटलं, "अगं, आत्ता नको. इंजेक्शननी ते बदललेत. कुणालाही बघून रडतात. डॉक्टर म्हणालेत, हलवून सोडू नका."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते.

"माझं काही..." ती म्हणाली, आणि थांबली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "अच्छा. ठीक आहे. तू आहेस ना तिथे, मग काळजी नाही."

मी हे का केलं याची बरीच उत्तरं मी नऊ वर्षांत तयार करून ठेवली होती. त्यांची तब्येत. तिचा अपमान होऊ नये. रडणं खरं की औषधाचं, कसं कळणार; उद्या इंजेक्शन थांबलं आणि बाबा पुन्हा पहिल्यासारखे झाले तर ती दुसऱ्यांदा मोडेल. यातलं शेवटचं उत्तर मला स्वतःला इतकं पटायचं की मी ते मनात पुन्हा पुन्हा, अधिक चांगल्या भाषेत लिहून काढत असे. आज ते सगळं बाजूला ठेवतो. खरं असं की मी जन्मभर त्या माणसाजवळ राहिलो. त्यांची औषधं, त्यांचे दात, आईनंतरचा त्यांचा अबोला, सगळं मी निभावलं. आणि अखेर त्यांच्यातलं काहीतरी सुटून वाहायला लागलं, तर ते मानेसरच्या दिशेनं. मला ते सहन झालं नाही. मेट्रोतलं ते वाक्य, "तू फार दमतोस रे", मी वहीत लिहिलं नाही. त्यापुढे "कारण" लिहावं लागलं असतं. माझ्या वाट्याला आलेली माया खरी, आणि अंजूच्या वाट्याची औषधाची, अशी वाटणी मी करून टाकली होती.

जानेवारीत धुकं आठ-आठ दिवस उठत नव्हतं. तिसऱ्या इंजेक्शनला आठवडा बाकी होता. मी ऑफिसातून आलो तर बाबा खुर्चीवर, मांडीवर माझी वही, नाकावर चष्मा, हातात लाल शाईचं पेन. चोरी पकडली गेल्यासारखा मी उभा राहिलो. ते शांत होते. वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "टिपण केलंय. बघून घे."

समासात त्यांचं ते उजवीकडे झुकलेलं अक्षर, थोडं थरथरलेलं. नवव्या दिवसाच्या नोंदीसमोर लिहिलं होतं:

"कारण मान्य नाही. पहिल्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशीही मी हेच म्हणालो होतो. तेव्हा अंगात औषध नव्हते."

हे खरं होतं. आदल्या दिवशी, मी ते इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवत असताना, ते मागून म्हणाले होते, "शशी, अंजूला एकदा बोलवायला हवं." कोरड्या आवाजात. मी फ्रिजचं दार लावलं होतं आणि ऐकू न आल्यासारखं केलं होतं. माझी वही दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली, त्यामुळे ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पान उलटल्यावर खाली आणखी होतं:

"प्रस्ताव: पुढील डोस दहा दिवस लांबवावा. परिणाम ओसरल्यावर मला पुन्हा विचारावे. तेव्हाही माझे म्हणणे तेच असल्यास अंजलीस बोलवावे. कृपया चर्चा करावी."

खाली छोटी सही.

आमच्यासारख्या घरांत माणसं अशीच बोलतात, हे बाहेरच्याला विचित्र वाटेल. एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बाप आपल्या लेकीला भेटायची परवानगी मुलाकडे मागतोय, आणि ती मिळावी म्हणून स्वतःच्या कर्करोगाचं औषध दहा दिवस सोडायला तयार आहे. तेही फाइलवर. तोंडानं मागितलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं आणि मी ते रकान्यात टाकलं असतं, हे त्यांना कळून चुकलं होतं. म्हणून त्यांनी लिहून दिलं.

डोस लांबवायचा नव्हताच. तो लांबवणं चूक होतं, आणि लांबवायची गरजही नव्हती. फक्त फोन करायचा होता. खिशात होता फोन.

मी त्यांच्या प्रस्तावाखाली लिहिलं, "वैद्यकीय सल्ल्यानुसार डोस लांबवणे शक्य नाही." चर्चा केली नाही. वही त्यांच्या उशाशी ठेवून दिली. सकाळी बघितलं तर त्याखाली एकच शब्द होता, "पाहिले." आयुष्यभर त्यांनी हाताखालच्यांच्या कागदांवर हा शब्द लिहिला होता. ज्या कागदाचं पुढे काहीच करायचं नसे, त्यावर.

तिसरं इंजेक्शन मी अठ्ठाविसाव्या दिवसाचीही वाट न बघता सत्ताविसाव्या दिवशी दिलं. धुक्यामुळे उद्या अडचण नको, असं घरात सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "वेरी गुड, ऐसा बेटा सबको मिले." बाबा टेबलावर कुशीवर वळले होते. त्यांनी भिंतीकडे बघत म्हटलं, "हाँ, बहुत टाइम का पक्का है."

त्यात टोमणा होता की नव्हता, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

त्यानंतर त्यांनी अंजूचं नाव काढलं नाही. रडणंही कमी झालं, आणि मी वहीत "सुधारणा" असं लिहिलं. मेधा एकदा म्हणाली, "बाबा एकदम गप्प झालेत रे. गरमी आली तरी दार उघडायला येत नाहीत." मी म्हटलं, औषध अंगवळणी पडलं असेल. फेब्रुवारीत, समोरच्या सेमलच्या, म्हणजे काटेसावरीच्या, झाडाला लाल फुलं आली त्या आठवड्यात, सकाळी दाढी करताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं; तिथून तसंच घरी आणलं.

अंजू आली. फोन केल्यापासून पन्नास मिनिटांत आली, मला वाटतं आशिषनं गाडी पळवली असेल. या वेळी ती चप्पल काढायच्या जागी थांबली नाही. आत येऊन बाबांच्या पायांशी बसली आणि त्यांच्या गालावरचा तो वाळलेला साबण पदराचं टोक ओलं करून पुसत राहिली. सगळं उरकल्यावर, स्मशानघाटाच्या बाहेर, जिथं लोक हात-पाय धुतात तिथं तिनं मला बाजूला घेतलं.

"दादा, एक विचारू? खरं सांग, मला काही वाटणार नाही. माझं नाव काढलं होतं का त्यांनी? एकदा तरी?"

मी सांगू शकत होतो. वही घरी होती, तासाभरात दाखवू शकत होतो. मी नळ बंद केला. म्हटलं, "शेवटी शेवटी त्यांना काही कळत नव्हतं गं. औषधानं."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "हो. तू म्हणाला होतास." आणि माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. त्या हाताची मला अजून किळस येते.

आता ती येते-जाते. भाऊबीजेला येते, मेधाशी तासन् तास बोलते. गेल्या वर्षी तिचं स्वतःचं त्या वयातलं सुरू झालं, डिसेंबरात तिनं आमच्या बाल्कनीचं दार उघडलं आणि मेधा हसून म्हणाली, "बाबांवर गेलीस." अंजूचा चेहरा क्षणभर असा उजळला की मी आतल्या खोलीत निघून गेलो. तिला बाबांकडून मिळालेली सत्तावीस वर्षांतली पहिली वस्तू ही, एक गरमीची लाट, आणि तीही मेधानं दिलेली.

डॉक्टरांना मी नंतर एकदा विचारलं होतं, दुसऱ्याच कुणाचं निमित्त सांगून, की अशा इंजेक्शनमध्ये माणूस जे बोलतो ते खरं धरायचं का. ते म्हणाले, दवाई आँसू ला सकती है, भाई साहब, नाम थोड़े ही सिखाएगी. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी छप्पन्न वर्षांचा आहे. हा लेख इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मागितला होता, हिवाळ्यावर काहीतरी लिहा म्हणाले. गजक, रेवड्या, मूली के पराठे यांवर लिहिणार होतो, सुरुवातही केली होती. अंक अंजूकडे जातो. ती तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. हे तिला छापलेलं वाचून कळता कामा नये. म्हणून मजकूर देण्याआधी मला मानेसरला जायचं आहे आणि तिच्यासमोर बसून सांगायचं आहे, की बाबांनी तुला बोलावलं होतं, रडत बोलावलं, न रडता बोलावलं, आणि लिहूनही बोलावलं, आणि मी तुला येऊ दिलं नाही. एवढं मी तिचं देणं लागतो. आज रविवार आहे आणि मी अजून घरातच आहे.